जुनी गाडी घेताना : इंजिनाची परीक्षा



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या कार्यालयातील एका ताईंनी जुनी मोटार घ्यायचे ठरवले. त्यांच्या वडिलांना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिसला न्यावे लागते. नंबर सकाळी सहाचा असतो आणि थंडीच्या दिवसांत त्या वेळी रिक्षा मिळेलच याचा भरवसा नाही. ताईंनी फंडातून पैसे काढले आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्हाला गाडीतले कळते, तुम्ही बरोबर चला." मला गाडीतले जे कळते ते स्वतः एकदा फसल्यामुळे कळते. ती हकिकत पुढे येईलच. म्हणून मी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला बरोबर घेतले. तो छावणीकडे स्वतःचे गॅरेज चालवतो. गणितात तो बेताचाच होता, पण इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर बरोबर काम करत नाही ते सांगतो.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. त्या सांगण्याआधी इंजिनाबद्दल थोडे.

पेट्रोल इंजिनाचा पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो तेव्हा एक काम पूर्ण होते. आम्ही कॉलेजात हे हिंदीतून शिकलो : चूषण, संपीडन, शक्ति, निष्कासन. साध्या मराठीत सांगायचे तर हवा-पेट्रोल आत ओढायचे, दाबायचे, जाळायचे आणि धूर बाहेर टाकायचा. चार फेऱ्यांत ताकद फक्त एकीत मिळते, बाकी तीन तिच्या तयारीच्या नाहीतर सफाईच्या. दाबण्याचे काम नीट झाले नाही तर जळण्यात जोर राहत नाही. दाब टिकवण्याची जबाबदारी दोघांवर असते : पिस्टनला बसवलेल्या रिंगांवर आणि डोक्यावरच्या व्हॉल्व्हवर.

आता एक हिशेब करा. गाडी १ लाख किलोमीटर चालली, सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर, तर इंजिन सुमारे ३,३३३ तास चालले. मिनिटाला सरासरी २,००० फेरे धरले तर एकूण ४० कोटी फेरे होतात. ४० कोटी वेळा पिस्टन वर गेला आणि तितक्याच वेळा खाली आला. सिलिंडरची भिंत आणि रिंग यांच्यामध्ये सगळा वेळ तेलाचा एक अगदी पातळ थर होता, म्हणून ते टिकले. तेल वेळेवर बदलले गेले तर रिंगा अगदी हळू झिजतात. तेल जुने, घाण किंवा कमी असेल तर त्याच ४० कोटी फेऱ्यांत भिंतीवर ओरखडे पडतात. मीटरवरचा आकडा इंजिन किती चालले एवढेच सांगतो. कसे चालले ते दुसरीकडे शोधावे लागते. तेच शोधायला आम्ही निघालो होतो.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या एका दुकानात होती. मीटरवर ४१ हजार किलोमीटर, रंग चकचकीत, सीटना नवे कव्हर. ताईंना ती पाहताक्षणी आवडली. आमच्या विद्यार्थ्याने काही न बोलता बोनेटवर हात ठेवला. बोनेट कोमट होते. दुकानदार म्हणाला, तुम्ही येणार म्हणून आत्ताच बाहेर काढून ठेवली. यात वावगे काही नाही असे कोणालाही वाटेल. परंतु गरम इंजिनात धातू पसरलेले असतात, तेल सगळीकडे पोहोचलेले असते, आणि अनेक दोष झाकले जातात. आम्ही परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना दुकानापुढे उभे राहिलो. थंड इंजिन चालू केले. दोन-तीन वेळा चावी फिरवावी लागली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला.

धुराचे रंग मुलांनी लक्षात ठेवावेत. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. फक्त चालू करताना क्षणभर निळा दिसला तर बहुधा व्हॉल्व्हची रबरी सीले गेलेली असतात. तो खर्च त्या मानाने कमी. ॲक्सिलरेटर दाबल्यावरही निळा येत राहिला तर रिंगांचा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल हवेच्या प्रमाणात जास्त जात आहे. त्याचे कारण एखाद्या सेन्सरइतके किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरइतके छोटे असू शकते. पांढऱ्या धुराबाबत घाई करू नये. थंडीत सकाळी पाण्याची वाफ निघतेच आणि दोन-चार मिनिटांत थांबते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आहे असे समजावे.

दुकानदाराच्या परवानगीने गाडी गॅरेजवर नेऊन कॉम्प्रेशन मोजले. सगळे प्लग काढायचे, प्लगच्या जागी दाबमापक बसवायचा, पेट्रोल आणि ठिणगी बंद करून स्टार्टरने इंजिन काही सेकंद फिरवायचे. तीन सिलिंडरांचे आकडे आले ११, साडेदहा आणि साडेसात किलो. चांगल्या इंजिनात सिलिंडरांमधला फरक साधारण एक किलोच्या आत असावा. इथे तिसरा तीन-साडेतीन किलोंनी खाली. मग त्याने त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा मोजले. आकडा दहावर गेला. आता मुलांनी विचार करावा : तेल टाकल्याने दाब का वाढला? तेलाने रिंग आणि भिंत यांच्यातली फट तेवढ्यापुरती बुजवली. म्हणजे गळती रिंगांतून होत होती. तेल टाकूनही आकडा तेवढाच राहिला असता तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे गेला असता. एक चमचा तेल आणि एक मापक, एवढ्यात रोगाचे निदान झाले. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलते ते पाहा.

मग ४१ हजारांच्या गाडीच्या रिंगा अशा कशा? त्याने क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर दाखवले. कडा पार गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या कव्हरखाली चालकाच्या सीटची बाजू दबलेली होती. मीटर डिजिटल असला तरी मागे फिरवता येतो, हे पालकांनी विसरू नये. अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झालेल्या गाडीची नोंद नंबरवरून काढता येते आणि प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते त्यात लिहिलेले असते. मालक ती नोंद दाखवायला कां-कूं करत असेल तर तेच उत्तर समजावे. टायरवरही चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१५ ची, ४१ हजारच चाललेली, आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले, असे दिसले तर थांबून विचार करावा.

दुसरी गाडी एका सोसायटीत होती. मालक सज्जन वाटले आणि इंजिन पाहुण्यांसाठी घासलेल्या भांड्यासारखे लखलखीत होते. आमच्या विद्यार्थ्याला नेमके तेच आवडले नाही. तो म्हणाला, "सर, धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. मला धूळ बसलेले इंजिन द्या." तेलाचे झाकण उघडले तर आतून लोण्यासारखा पिवळट फेस. थंडीत गाडी फक्त कोपऱ्यापर्यंत जात-येत असेल तर झाकणाला थोडा फेस धरतो, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. पण डिपस्टिकवरचे तेलही गढूळ निघाले आणि इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत होते. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत होते. हेड गॅस्केट गेलेले होते.

तो फेस पाहिला आणि मला माझी गाडी आठवली. २०११ साली मी एक जुनी मोटार घेतली होती. रेडिएटरचे झाकण उघडले तेव्हा आत गंजलेले तपकिरी पाणी होते. मी ते पाहिले, आणि किंमत ठरलेली होती म्हणून काही बोललो नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आईला घेऊन आम्ही ओंकारेश्वरला गेलो. परतताना भेरूघाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. भर दुपार, मागच्या सीटवर आई, सावली कुठे नाही. घाट संपला की थांबू असे म्हणत मी गाडी चालवत राहिलो. वर पोहोचेपर्यंत इंजिन बंद पडले.

कूलंटची व्यवस्था स्वयंपाकघरातल्या कुकरसारखी असते. झाकणाच्या दाबामुळे पाणी १०० अंशांना न उकळता त्याच्या बरेच वर जाऊन उकळते. गंजाने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजल्या, झाकण सैल झाले, की हा हिशेब बिघडतो आणि ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते. गॅस्केट, हेड आणि मजुरी मिळून माझा दोन महिन्यांचा पगार गेला. काटा वर जाऊ लागताच बाजूला थांबून इंजिन बंद केले असते तर कदाचित रेडिएटरवरच निभावले असते. (आणि मुलांनो, गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. कुकरची शिट्टी काढण्यापेक्षा ते फार वाईट.) आईला चार तास रस्त्याच्या कडेला बसावे लागले. ती त्यावर कधी काही बोलली नाही, म्हणून ते मला जास्त लागले.

तिसरी गाडी २०१३ ची. एका निवृत्त गृहस्थांची. मीटरवर ९२ हजार किलोमीटर. ताईंचा चेहरा उतरला. रंग फिका, एका दारावर ओरखडा, इंजिनावर सारखी बसलेली धूळ आणि तेलाचा ओला डाग कुठेही नाही. बोनेट थंड होते. चावी फिरवताच इंजिन लागले, धूर नाही, तेलाचा दिवा लगेच विझला. डिपस्टिकवरचे तेल तपकिरी होते. पेट्रोल गाडीत तेल काळपट होणे म्हणजे ते मळ धरून ठेवण्याचे आपले काम करते आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही. गृहस्थांनी कपाटातून एक वही आणली. दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा, तेल आणि फिल्टर बदलल्याची तारीख, बिलासह. कूलंट दोनदा बदललेले. कॉम्प्रेशन १२, पावणेबारा, १२. विद्यार्थी म्हणाला, "ताई, किलोमीटरकडे पाहू नका, हीच घ्या."

इंजिनाच्या जातीबद्दलही विचारून घ्यावे. जुन्या मारुती ८०० मध्ये व्हॉल्व्ह फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट होता. नंतरच्या के१० इंजिनात त्या जागी साखळी आहे. बेल्ट कंपनीने सांगितलेल्या अंतरावर बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. बेल्टची गाडी असेल आणि तो केव्हा बदलला याचे बिल नसेल, तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. आणखी एक नवी बाब : पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या तेवढे धरून बनवलेल्या नाहीत. अशा गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सीले तपासून घ्यावीत. त्या गाडीच्या दोन नळ्या आम्ही बदलल्या.

कागदपत्रांचे थोडक्यात. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पुन्हा तपासणीला न्यावी लागेल. नाव बदलण्यात विक्रेत्यानेही चालढकल करू नये. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्या इंदूरच्या अनेक घरांना पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची गाडी स्वस्तात मिळते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो, तो धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवावे. मुंबईच्या गाडीचा खालचा पत्रा गंजासाठी जरूर पाहावा.

ताईंची गाडी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रोज पहाटे लागली. त्या गृहस्थांची वही त्यांनी मागून घेतली आणि पुढच्या पानापासून स्वतः लिहायला सुरुवात केली आहे.

नववी-दहावीच्या मुलांसाठी उदाहरण : एक व्हॅन शहरात ताशी सरासरी २० किलोमीटर वेगाने ६० हजार किलोमीटर चालली, इंजिनाचे फेरे मिनिटाला सरासरी १,८००. दुसरी मोटार महामार्गावर ताशी ५० किलोमीटरने १ लाख २० हजार किलोमीटर चालली, फेरे मिनिटाला २,४००. दोन्ही इंजिनांचे एकूण तास आणि एकूण फेरे काढा, आणि तुम्ही कोणती गाडी आधी उघडून पाहाल ते कारणासह लिहा. उत्तरे सोमवारपर्यंत विज्ञान प्रयोगशाळेच्या बाहेरील पेटीत टाकावीत.