जिभेवरचा जांभळा रंग रक्तवाहिनीत काय करतो?

मैत्रिणींनो, मे महिना लागला की वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या रस्त्याला आपल्या आयाबाया पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. खाल्ली की जीभ रंगते. त्या रंगाला अँथोसायनिन म्हणतात. घरीच बघा. जांभळाच्या साली पाण्यात कुस्करून दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, पाणी लाल होईल. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका, निळसर-हिरवट होईल. पोरांना तर फारच मजा वाटते!

आता रक्तवाहिनी. तिला आतून पेशींचा एकच थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतो. त्यानं भिंतीतला स्नायू सैल होतो, वाट रुंदावते, दाब उतरतो. या शोधाला 1998 साली नोबेल मिळालं. तंबाखू, मिश्री आणि रक्तात वाढलेली साखर यांमुळे हा वायू कमी पडतो, मग भिंत ताठर होत जाते.

इथे रंग कामाला येतो. आतड्यातले जंतू त्याचे बारीक तुकडे करतात, ते रक्तात उतरतात आणि वायू टिकायला हातभार लावतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2019 साली 40 निरोगी माणसांवर तपासणी केली. त्यांतल्या काहींना महिनाभर रोज 200 ग्रॅम ब्लूबेरीइतकी पूड दिली. त्यांच्या हाताची रक्तवाहिनी जास्त फुलू लागली, वरचा रक्तदाब साधारण 5 अंकांनी उतरला. ब्लूबेरी महाग असते, पण तिच्यातला रंग आपल्या जांभळातल्या रंगाच्याच कुळातला आहे.

पण 5 अंक म्हणजे काही गोळीची जागा नव्हे. ज्या ताईंना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी ती जांभळाच्या भरवशावर अजिबात सोडू नये. शुगरची गोळी घेणाऱ्यांनी जांभळाच्या बियांची पूड डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सरबत करणाऱ्या गटांसाठी एक गोष्ट. रंग जास्त करून सालीत असतो आणि जास्त उकळला तर मरतो, सरबत तपकिरी पडतं. म्हणून सालीसकट गर काढा, थोडाच वेळ गरम करा, नाहीतर सरळ डीप फ्रीझरला ठेवा. साखर बेतानं घाला. वाटीला वाटी साखर ओतली तर रंगाचा फायदा राहिला कुठे? आणि बाटलीच्या लेबलवर ‘बीपी बरा होतो’ असं छापू नका. खाद्यपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा कायद्यानं चालत नाही.