आधी कोर्ट ठरवा, मग कॉलेज

'विलायतेत कायदा शिकलेला' म्हटलं की मराठी घरांत अजूनही एक जुनं चित्र उभं राहतं. डॉ. आंबेडकर लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले. नाथ पै, अंतुले यांच्या नावाआधी 'बॅ.' कायमचं लागलं. त्या काळी इनच्या परीक्षा द्यायच्या, ठरलेली जेवणं जेवायची आणि बोटीनं परत येऊन मुंबई हायकोर्टात उभं राहायचं, असा सरळ रस्ता होता. तो बंद होऊन जमाना झाला. आजच्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे ३१ डिसेंबर १९७६ नंतर बॅरिस्टर झालेल्याला नुसत्या त्या बिरुदावर भारतात सनद मिळत नाही. आजोबांच्या मनातलं चित्र मात्र तिथंच थांबलेलं असतं, आणि एजंटची माहितीपुस्तिका त्यात रंग भरते.

म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं असतं की युनिव्हर्सिटीची यादी बाजूला ठेवा. मुलगी वकिली कुठं करणार? पुण्यात, लंडनमध्ये, डब्लिनमध्ये की बर्लिनमध्ये? इंजिनियरची पदवी सरहद्द ओलांडते, कारण पुलाचं गणित सगळीकडे एकच असतं. कायदा देशागणिक बदलतो, आणि पदवी वेगळी, सनद वेगळी. पदवी विद्यापीठ देतं. सनद देणारी संस्था निराळी, तिच्या अटी निराळ्या.

हा फरक नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींइतका कुणी भोगला नसेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना पदवी देत नव्हतं आणि बार त्यांना आत घेत नव्हता. लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या १९२३ मध्ये. आता अडसर बाईपणाचा नाही, नियमांचा आहे, आणि नियम आधी वाचता येतात.

परत येऊन इथंच वकिली करायची असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम नीट समजून घ्या. परदेशी विद्यापीठ कौन्सिलच्या मान्यतेचं हवं. बारावीनंतर प्रवेश घेतला असेल तर कायद्याचं शिक्षण किमान पाच वर्षांचं, पदवीनंतर घेतला असेल तर किमान तीन वर्षांचं हवं. इंग्लंडचं एलएलबी बारावीनंतर तीन वर्षांत संपतं. म्हणजे लाखो रुपये खर्चून आणलेली पदवी इथं अपुरी ठरते. पदवीधरांसाठीचा दोन वर्षांचा 'सिनियर स्टेटस' एलएलबीही तीन वर्षांच्या अटीत बसत नाही. ही तूट भरून काढायला कौन्सिलनं ब्रिज कोर्स काढला आहे आणि परदेशी पदवीधरांसाठी पात्रता परीक्षाही आहे. कुणाला काय लागू होतं हे प्रवेश घेण्याआधी कौन्सिलकडून लेखी विचारून घ्या. त्यानंतर सगळ्यांप्रमाणे ऑल इंडिया बार एक्झाम आहेच.

माझं मत विचाराल तर, ज्याला शेवटी भारतात काळा कोट घालायचा आहे त्यानं पदवी इथंच घ्यावी. कायद्याची एमएच-सीईटी किंवा क्लॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी, पाच वर्षं करावीत, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद घ्यावी आणि मग बाहेर बघावं. हा सल्ला कुणाला रुचत नाही, कारण त्यात विमानतळावरचा फोटो पाच वर्षं लांबतो. पण इंग्लंडचं आजचं दार याच वाटेनं सगळ्यात सोपं उघडतं.

तिथं सॉलिसिटर व्हायला सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांच्या दोन बहुपर्यायी परीक्षा. दुसऱ्यात मसुदा लिहिणं, कायद्याचा शोध घेणं, अशिलाची मुलाखत आणि कोर्टातली मांडणी. यातला तोंडी भाग इंग्लंड-वेल्समध्ये जाऊनच द्यावा लागतो. दोन्हींची फी मिळून जवळजवळ ५,००० पौंड होते, क्लासची वेगळी. नव्या पदवीधराला शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. हा अनुभव मिळवणं हीच खरी अडचण, कारण मोठ्या फर्ममधल्या जागांसाठी झुंबड असते आणि व्हिसाचा प्रश्न डोक्यावर असतो. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला मात्र ही दोन वर्षांची अट नाही. पदवी कायद्याचीच हवी अशीही सक्ती नाही. बीकॉमवालाही एसक्यूई देऊ शकतो. मग तीन वर्षांचं महागडं एलएलबी कशासाठी, हा प्रश्न विद्यापीठाच्या स्टॉलवर जरूर विचारा.

बॅरिस्टर होणं याहून अवघड. बारचा कोर्स पैसे भरून करता येतो, चारपैकी एका इनमध्ये समारंभानं 'कॉल'ही होतो. पण त्यानंतरची प्युपिलेज, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टरच्या हाताखालची वर्षभराची उमेदवारी, मिळाली नाही तर इंग्लंडच्या कोर्टात अशिलासाठी उभं राहता येत नाही. कोर्स पुरा करणारे पुष्कळ, प्युपिलेज थोड्या. गाऊनमधला फोटो हाती येतो, वकिली येत नाही.

ब्रेक्झिटनंतर इंग्लंडची सनद युरोपियन युनियनमध्ये आपोआप चालत नाही. इंग्रजीतून आणि आपल्या ओळखीच्या कॉमन लॉ पद्धतीनं शिकून युनियनमध्येच राहायचं असेल तर आयर्लंड बघा. तिथं सॉलिसिटरसाठी लॉ सोसायटीच्या एफई-१ नावाच्या आठ विषयांच्या परीक्षा असतात आणि पुढं उमेदवारी. बॅरिस्टरसाठी डब्लिनचं किंग्ज इन्स. आपल्याकडचे सल्लागार आयर्लंडचं नाव फारसं काढत नाहीत, त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

जर्मनीबद्दल मात्र रोज विचारणा होते, कारण 'फी नाही' हे खरं आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य परदेशी विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं, तेवढा अपवाद धरला तर सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळपास नसतंच. पण पुढचं ऐका. वकील होण्याची वाट संपूर्ण जर्मन भाषेतून जाते. आपली नुसती बारावी थेट प्रवेशाला सहसा पुरत नाही. आधी श्टूडिएनकोलेग हा तिथला पूर्वतयारीचा वर्ग किंवा इथल्या विद्यापीठात काही शिक्षण लागतं. मग साधारण पाच वर्षांनी पहिली राज्यपरीक्षा. मग कोर्ट, सरकारी वकिलांचं कार्यालय, प्रशासन आणि वकिलाची कचेरी असं फिरत दोन वर्षांचं प्रशिक्षण, आणि मग दुसरी राज्यपरीक्षा. ती झाली की माणूस न्यायाधीश व्हायलाही पात्र ठरतो. गुण १८ पैकी असतात. ४ ला पास, आणि ९ मिळाले की मोठ्या फर्म पायघड्या घालतात. आपल्या नव्वद टक्केवाल्या मुलाला ६ गुण पडले तर घरी रडारड करू नका, तिथं ते बरे समजतात. परीक्षेत ठरावीक संधींनंतर नापास झालात तर पुन्हा बसता येत नाही, हे मात्र गंभीर आहे. दहावीपासून जर्मन शिकणारा, वाचनाची आवड असलेला मुलगा असेल तर ही वाट जरूर धरावी. बाकीच्यांनी फुकटच्या मोहात पडू नये.

नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट, ग्रोनिंगेन इथं इंग्रजीतून आंतरराष्ट्रीय व युरोपीय कायद्याचं एलएलबी आहे, आणि शिक्षण उत्तम आहे. पण या पदवीवर डच वकील होता येत नाही. त्यासाठी डच कायद्याचे ठरलेले विषय लागतात आणि ते डचमधून असतात. हेगमधलं आंतरराष्ट्रीय न्यायालय, लवाद, डेटा संरक्षण, कंपन्यांची अनुपालन खाती अशा कामांसाठी ही पदवी चालते, कारण तिथं बहुतेक ठिकाणी सनद लागत नाही. फ्रान्समध्ये भाषेबरोबर नागरिकत्वाचाही मुद्दा येतो: वकील व्हायला फ्रेंच किंवा युनियनचं नागरिकत्व लागतं, नाहीतर तुमचा देश फ्रेंच माणसाला तशीच मुभा देत असला पाहिजे.

नागरिकत्व आणखी एका ठिकाणी आडवं येतं. एका सदस्य देशाची सनद घेऊन दुसऱ्यात वकिली करण्याची जी सवलत युनियननं दिली आहे, ती युनियनच्या नागरिकांसाठी आहे. साताऱ्याचा मुलगा जर्मनीत वकील झाला तरी भारतीय पासपोर्टवर ती सवलत त्याला पॅरिसला नेणार नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांची गोष्ट वेगळी. शिवाय गोव्यातला वारसा आणि विवाहाचा कायदा अजून पोर्तुगीज कायद्याच्या पायावरच उभा आहे, तेव्हा कोइम्ब्रा किंवा लिस्बनला पोर्तुगीजमधून शिकलेल्या गोवेकराला मडगावातही कामं मिळतील.

राहिलं एलएलएम. एक वर्षाचं, झगमगीत नावाचं. वरच्या कुठल्याच देशात नुसत्या एलएलएमवर वकील होता येत नाही. भारतात तीन-चार वर्षं काम केलेल्या वकिलानं लवाद किंवा स्पर्धा कायद्यासारख्या एका विषयासाठी केलं तर पैसे वसूल होतात. नोकरी शोधायला वेळ किती मिळतो तेही बघा: आयर्लंडमध्ये एलएलएमनंतर दोन वर्षांपर्यंत राहता येतं, ब्रिटननं दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षांवर आणली आहे.

अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला एक ई-मेल करा: 'या पदवीवर तुमच्या देशात वकील होण्याची शैक्षणिक अट पूर्ण होते का, आणि त्यापुढं काय काय लागतं?' ई-मेल मुलानं स्वतः लिहावा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. एजंटचं तोंडी 'हो हो, होतं' धरू नये. ऑक्सफर्ड-केंब्रिज मनात असेल तर अर्जाची मुदत आदल्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपते आणि एलनॅट ही प्रवेशपरीक्षाही त्याच सुमारास उरकावी लागते, म्हणजे बारावीच्या सहामाही परीक्षेच्या ऐन धामधुमीत.