एका ‘च’बद्दल

ठाणे, रविवार

चि. चिऊ,


रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज मी सकाळी चहाच्या आधी वाचला. फोन करणार होते, पण फोनवर तू ‘हो गं मावशी, कळलं’ म्हणून मोकळी होतेस. म्हणून कागद घेतला. हे पत्र सावकाश वाच, आणि एका बैठकीत वाचून संपवलं नाहीस तरी चालेल.

अप्रेझलमध्ये तुला पाचापैकी तीन मिळाले, आणि तू लिहितेस, ‘मी या कामाच्या लायकीचीच नाही.’ तुझी मावशी 36 वर्षं गणिताच्या उत्तरपत्रिका तपासत आली आहे, तेव्हा गुणांबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे. बीजगणिताच्या उदाहरणात एखादी मुलगी चौथ्या पायरीवर वजाचं अधिक करते. आपण त्या चिन्हाभोवती लाल गोल काढतो, तिथला गुण कापतो, आधीच्या तीन पायऱ्यांचे गुण देतो. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. ‘ही मुलगी किती गुणांची’ असा रकाना उत्तरपत्रिकेत नसतो, कारण तसं मोजायचं मापच नाही. तुझं रेटिंग म्हणजे तुझ्या एका वर्षाच्या कामाकडे एका माणसानं पाहून दिलेला आकडा. तो बरोबर असेल किंवा चुकीचाही असेल, पण तो त्या कामाचा आहे.

हे कागदावर मला नेहमी कळत होतं. वर्गात मात्र मीही मुलांना ‘मठ्ठ’ म्हटलेलं आहे. उदाहरण चुकलं की माझ्या तोंडून मुलाचीच किंमत निघायची. आज ती मुलं पन्नाशीला आली असतील. त्यांच्यातल्या काहींनी तो शब्द माझ्या हातचा म्हणून जपून ठेवला असेल, या विचारानं मला अजून झोप लागत नाही अशा रात्री येतात.

आता तुझ्या मेसेजकडे येते. मी पेन्सिल घेऊन त्यातले ‘च’ मोजले. अकरा भरले. ‘मला चारच्या वर मिळायलाच हवे होते.’ ‘सरांनी माझी बाजू घ्यायलाच पाहिजे होती.’ ‘हे असं व्हायलाच नको होतं.’ आपल्या मराठीत हे एक अक्षर फार काम करतं. ‘मला हवं होतं’ यात इच्छा आहे. ती पुरी झाली नाही की वाईट वाटतं, आणि वाटावंच. ‘मिळायलाच हवं होतं’ म्हटलं की इच्छेचा हुकूम होतो. हुकूम जगानं मोडला की आपण जगावर चिडतो किंवा स्वतःला मोडीत काढतो. तू दोन्ही केलंस, रात्री दीड वाजता.

हा माझा शोध नाही. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली याच विचारावर उभी असलेली उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठीत तिला ‘विवेकनिष्ठ’ हे सुंदर विशेषण मिळालं. एलिस स्वतः मनोविश्लेषणात तयार झालेले. पण बालपण उकरत वर्षानुवर्षं बसूनही माणसं बरी होत नाहीत, असं त्यांना दिसू लागलं आणि ते तत्त्वज्ञानाकडे वळले. त्यांना आधार सापडला तो एपिक्टेटस या जुन्या स्टोइक गुरूचा. घटना आणि आपलं दुःख यांच्या मधे आपली त्या घटनेबद्दलची समजूत बसलेली असते, आणि त्या समजुतीला प्रश्न विचारता येतो, हे त्याच्या शिकवणीचं मर्म. एपिक्टेटसनं स्वतः काही लिहिलं नाही. आरियन नावाच्या शिष्यानं टिपून ठेवलं म्हणून ते उरलं. आपल्याकडे चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांमुळे उरल्या, तसंच. हा विचार मराठीत रुजवला तो मुंबईच्या कि. मो. फडके सरांनी. एलिस यांच्याशी त्यांनी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला. एका मोठ्या शास्त्राची अशी पत्रांतून झालेली शिकवणी मला फार मोलाची वाटते. कदाचित म्हणूनही आज तुला पत्र लिहावंसं वाटलं.

एलिस यांची एक गोष्ट तुला आवडेल. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायच्या कल्पनेनंच त्यांचा घसा कोरडा पडायचा. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची, असा नेम त्यांनी महिनाभर केला. 130 जणींच्या शेजारी ते बसले. 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण नकारानं आपण मरत नाही, हे त्यांना अंगानं कळलं, आणि भीती गेली. पोहण्याचं पुस्तक वाचून पोहता येत नाही हे तुला मी सांगायला नको. विहिरीवर तू सगळ्यांत आधी उडी मारायचीस.

आता त्या ओळीबद्दल, जी तू दोन परिच्छेदांच्या मधे घाईघाईत लिहून टाकलीस. मीटिंगमध्ये तुमच्या टीममधल्या नव्या मुलाला चुकीच्या आकड्यांबद्दल बोलणी बसली. आकडे त्याच्याकडे येतानाच चुकलेले होते हे तुला ठाऊक होतं, आणि तू गप्प बसलीस. अप्रेझल आठवड्यावर आलं होतं.

चिऊ, मला तुझ्या तीनपेक्षा ही ओळ जास्त लागली, कारण मी तिथे उभी राहिले आहे. नोकरीला लागून चार वर्षं झाली असतील. शाळेत परीक्षा फीच्या पैशांत दोनशे चाळीस रुपये कमी आले. पेटी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात शिपाईमामा नेत असत, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. मी सहज वही चाळली तर एका पानाची बेरीज चुकलेली. हातचा दोनदा धरला गेला होता. पैसे कमी नव्हतेच. ती बेरीज ज्यांनी केली होती त्यांच्या हातात माझं कायम होणं होतं. मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी बोलले, वही दाखवली, सगळं मिटलं. शिपाईमामा कामावर राहिले. पण ते दोन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी आदरानं बोलले आणि कधी हसून बोलले नाहीत.

त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय चाललं होतं? ‘वरच्यांचं माझ्याबद्दलचं मत चांगलंच राहिलं पाहिजे.’ हाच तो ‘च’. आपण समजतो की लोकांच्या मताला फार जपणं हा आपल्यापुरता मनाचा दुबळेपणा आहे, त्रास झाला तर आपल्याला होईल. तसं नसतं. त्याची किंमत बहुतेक वेळा आपल्याहून खालच्या जागेवरचा माणूस मोजतो. म्हणून मन निरोगी ठेवणं हे मला नीतीचं काम वाटतं. भित्र्या माणसाला प्रामाणिक राहणं फार महाग पडतं.

र. धों. कर्वे हे नाव तू ऐकलं असशील, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. तेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून 1925 साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. खटले झाले, दंड झाला, ओळखीपाळखीचे लोक दुरावले. 1953 साली देह ठेवेपर्यंत मासिक चालू होतं. 26 वर्षं! टीका त्यांना बोचत नसेल असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यांना आपलं पटेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर पहिला अंकही निघाला नसता.

एक मात्र नीट ऐक. हल्ली कंपन्याही मन खंबीर ठेवण्याच्या कार्यशाळा घेतात. तुमच्याकडेही झाली म्हणालीस. रात्री अकरापर्यंत रोज थांबवून घ्यायचं आणि वर ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ म्हणून शिकवायचं, हे मला मान्य नाही. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला होता. गुलामीतही मन शाबूत ठेवता येतं हे त्यानं दाखवलं, म्हणून गुलामी योग्य ठरत नाही. जे बदलता येतं ते बदलायचंच. शांत डोक्यानं ते जास्त चांगलं बदलता येतं, इतकाच या विचाराचा उपयोग. उशिरापर्यंतच्या कामाचा तपशील तारीखवार लिहून ठेव आणि मागणी लेखी कर. ती मान्य झाली नाही तर दुसरी नोकरी शोधणं हा पराभव नाही.

या आठवड्यात दोन कामं कर. पहिलं सोपं आहे. मॅनेजरांकडे वेळ माग आणि विचार, कोणत्या कामात गुण गेले? ‘ओव्हरऑल’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचार, पायरी दाखवा म्हणावं. पटेल ते वहीत उतरव, पटणार नाही ते तिथेच सांग.

दुसरं अवघड आहे. त्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठून नुसतं ‘सॉरी’ म्हणू नकोस. चूक त्याची नव्हती हे ज्यांच्यासमोर त्याला बोलणी बसली त्यांच्यासमोर सांग, किंवा त्याच सगळ्यांना मेल कर. छाती धडधडेल. माझीही वही उघडताना धडधडत होती. धडधड थांबायची वाट पाहू नकोस. मी पाहिली, त्यात दोन दिवस गेले.

झालं की कळव. काय बोललीस ते लिहायची गरज नाही, बोललीस एवढं पुरे.

तुझी,
मावशी

ता. क. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ तुझ्यासाठी काढून ठेवलं आहे. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस. शनिवारी येणार असलीस तर आंबोळ्यांचं पीठ शुक्रवारी भिजवते. ट्रेनची वेळ कळव.