व्याघ्र कवडी

मुलांनो, 'फुटकी कवडीही मिळणार नाही' असे कोणी म्हणालेले तुम्ही ऐकले असेल. उर्दूतही 'फूटी कौडी' म्हणतातच. पूर्वी लहान कवड्या पैसे म्हणून चालत. त्यांची किंमत फार थोडी असे. पण कवडी टाकसाळीत पाडलेली नसते. ती समुद्रातल्या एका जिवाचे घर असते. आज आपण अशाच एका मोठ्या कवडीची ओळख करून घेऊ.

हिचे नाव व्याघ्र कवडी. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली तिला 'सायप्रिया टायग्रिस' हे शास्त्रीय नाव दिले. टायग्रिस म्हणजे वाघ. गंमत अशी, की वाघाच्या अंगावर पट्टे असतात आणि हिच्या पाठीवर ठिपके! ती साधारणपणे ८ ते १० सेंटिमीटर लांब, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून मोठी असते.

हिला कोणत्या गटात ठेवाल? हिचे शरीर मऊ असते, म्हणून ती मृदुकाय संघात येते. ती पोटाखालच्या रुंद पायाने सरपटते, म्हणून तिचा वर्ग उदरपाद. पावसाळ्यात दिसणारी गोगलगाय याच वर्गातली. 'पण गोगलगाईसारखा पिळदार शंख हिला कोठे आहे?' असे तुम्ही विचाराल. तो लहानपणी असतो. मोठी होताना शंखाची कड आत वळते, पीळ झाकला जातो आणि तळाशी दातेरी फट उरते.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाई बेटांपर्यंतच्या उष्ण, उथळ समुद्रात ही कवडी राहते. आपल्या देशात ती लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आढळते. दिवसा ती प्रवाळाखाली लपते. रात्री बाहेर पडून शेवाळ, स्पंज वगैरे खाते. मादी आपली अंडी पायाखाली झाकून त्यांची राखण करते.

फटीतून प्रावार नावाचा मऊ पडदा बाहेर येतो आणि दोन्ही बाजूंनी शंखाला झाकतो. स्पर्श होताच तो आत जातो. हाच पडदा शंखावर नवे थर चढवतो आणि त्याला झिजू देत नाही. म्हणून शंख आरशासारखा चमकतो. जीव मेल्यावर ऊन, वाळू आणि लाटा यांनी ती चमक हळूहळू जाते.

आता विचार करा. दुकानातली कवडी इतकी चकचकीत कशी? अशा कवड्या बहुधा जिवंतपणी पकडतात आणि आतला जीव मारून शंख विकतात. म्हणून प्रवाळाखाली कवडी दिसली, तर तिला डोळे भरून पाहा, पण उचलू नका. दगड उलटवला असेल, तर तो पुन्हा होता तसा ठेवा. त्याच्याखाली कदाचित एखादी आई अंडी राखत बसली असेल.

शब्दार्थ : टाकसाळ – नाणी पाडण्याची जागा, मृदुकाय – मऊ शरीराचा, उथळ – कमी खोल, राखण – रक्षण.

स्वाध्याय
१. व्याघ्र कवडी आणि गोगलगाय एकाच वर्गात का येतात?
२. कवडीचा शंख कशामुळे चमकतो?
३. 'कवडीमोल' हा शब्द वापरून एक वाक्य लिहा.