फॉरमॅट मारण्याआधी

जुन्या पीसीवर गेम मध्येच बंद पडू लागला की आपल्या भागात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, फॉरमॅट मारून घ्या. दोन, ग्राफिक्स कार्ड गेलंय, बदला. दोन्ही कधीकधी बरोबर निघतात. पण गेम नेमका कसा बंद पडतो हे न विचारताच दिलेल्या सल्ल्यावर पैसे घालू नयेत. हे मी आमच्या घरातल्याच एका मशीनच्या अनुभवावरून सांगतो आहे.

माझा भाचा कल्याण पश्चिमेला राहतो. त्याचा पीसी २०१३ साली जुळवून घेतलेला. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि नंतर बसवलेलं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. लॉकडाऊनमध्ये दिवसा ऑनलाइन तास आणि संध्याकाळी जीटीए फाइव्ह, दोन्ही त्यावर नीट चालायचं. पुढे गेममधला पाठलाग रंगात आला की अख्खं मशीन फट्कन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं. पहिल्या दुकानदाराने विंडोज नव्याने टाकलं. डी ड्राइव्हही त्यात पुसला गेला. माझ्या वडिलांच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्यावर होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. गेम मात्र पूर्वीसारखाच बंद पडत राहिला. दुसऱ्या ठिकाणी कार्ड गेल्याचं सांगून एक सेकंडहँड ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’ बसवून दिलं. त्यानंतर मशीन बंद पडायचं थांबलं नाहीच, वर गेमचं चित्र फाटून गेमही आपोआप बंद व्हायला लागला. ‘मामा, आता दोन-दोन तऱ्हांनी बंद पडतंय,’ असा भाच्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणला गेलो.

कार्डाच्या मागे व्हीजीएचं पोर्ट होतं. तिथेच शंका आली, कारण १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल बाहेरच पडत नाही. ती पद्धत त्या पिढीत संपली. घरी जुना मॉनिटर असलेल्या माणसाला मात्र हे पोर्ट बघून बरंच वाटतं. जीपीयू-झेड हा छोटा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला, तर कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असं आलं. आतली चिप होती २०१० सालच्या जीटीएस ४५०ची. अशा कार्डाचा बायोस बदलून त्याला नवं नाव आणि खोटी मेमरी चिकटवतात. खरी मेमरी १ जीबी आणि विंडोजला सांगायची ४. गेमने १ जीबीच्या पुढे पाऊल टाकलं की तो कोसळणारच. शिवाय मूळ १०५० टीआय ७५ वॉटचं, तर जीटीएस ४५० १०६ वॉटचं. म्हणजे आधीच थकलेल्या मशीनवर आणखी भार पडला होता. म्हणून जुनं कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की घराजवळच्या दुकानातून, ते तिथेच मशीनला लावून, जीपीयू-झेड उघडून आणि पाच-दहा मिनिटं एखादा जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

खरा आजार होता एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. जुन्या पीसीत सर्वांत कमी लक्ष जातं ते याच डब्याकडे, म्हणून इथे जरा थांबतो. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा सोडा आणि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांना जगायचं ते यावरच. वर्षं गेली की आतले कपॅसिटर सुकतात किंवा फुगतात आणि तेवढेही वॉट मिळत नाहीत. डेस्कटॉपवर, सिनेमा बघताना सगळं ठीक वाटतं. गेममध्ये भार एकदम वाढला की १२ व्होल्टची पातळी खाली येते आणि मशीन काही न सांगता रीस्टार्ट होतं. नियमाप्रमाणे ही पातळी ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवी. स्क्रीनवर ती दाखवणारे प्रोग्रॅम आहेत, पण जुन्या मदरबोर्डवर त्यांचे आकडे पक्के धरू नयेत. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता लावून बघणं हीच खरी परीक्षा. आम्ही शेजाऱ्यांचा लावला, ते ‘मेलेलं’ ७५० टीआय परत बसवलं आणि जीटीए फाइव्ह रात्री जेवायला बोलावेपर्यंत चालला. एसएमपीएस स्वतः उघडून मात्र बघू नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक व्होल्टेज शिल्लक असतं.

यूपीएसही असाच फसवतो. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, आणि बॅटरी म्हातारी झाली की विजेच्या जराशा झटक्याने पीसी खाली बसतो. पावसाळ्यात दिवे लुकलुकले की गेम जातो, अशी तक्रार असेल तर आधी ही बॅटरी तपासा.

आता बंद पडण्याच्या तऱ्हांविषयी. एक वही घ्या आणि प्रत्येक वेळी लिहा: कुठला गेम, सुरू करून किती वेळाने, आणि नेमकं काय झालं. अख्खं मशीन रीस्टार्ट झालं तर वीज नाहीतर उष्णता. उष्णता असेल तर बहुधा पंखा आधी घोंघावतो आणि तापमान नव्वदीच्या पुढे गेलेलं दिसतं; धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली की बरेचदा भागतं. निळा स्क्रीन आला आणि त्यावरचं कारण दर वेळी वेगळं असेल तर संशय रॅमवर. विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे, ते रात्री लावून ठेवा. दोन रॅम असतील तर एकेक काढून खेळून बघा. स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत आला तर बोट कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे जातं. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, त्याची ही खूण. गेम एकाच जागी पुन्हा पुन्हा बंद पडला तर गेमच्या फायली बिघडल्या असतील. स्टीमवर त्या तपासून दुरुस्त करायची सोय आहे. काही न बोलता गेम डेस्कटॉपवर आणून सोडत असेल, तर सी ड्राइव्ह तुडुंब भरलाय का तेही बघा. रॅम कमी पडल्यावर विंडोज तिथलीच जागा वापरतं.

वहीला जोड म्हणून स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. तारखेनुसार प्रत्येक बिघाडाची नोंद तिथे सापडते. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून घाबरू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच त्यातून कळतं. कारण कळत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. इथल्या हवेचं काय चाललंय हे २०२० साली रसायनांमुळे गुलाबी झालेल्या रस्त्याने सगळ्या महाराष्ट्राला दिसलं. २०१३ मध्ये इंटेलने सांगितलं होतं की चीन आणि भारतातून नादुरुस्त होऊन येणाऱ्या मदरबोर्डांत हवेतल्या गंधकामुळे तांबं गंजलेलं सापडतं. इथला पीसी उघडला की स्क्रूंवर गंज आणि रॅमच्या पट्ट्यांवर मळकट थर मला नेहमी दिसतो. खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसून, कण झटकून रॅम परत बसवा. हा जुना उपाय आजही लागू पडतो. खिडकीखाली किंवा जमिनीवर कॅबिनेट ठेवू नका.

काही गेम मात्र कितीही दुरुस्ती केली तरी चालणार नाहीत. २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक टू आला आणि ३२-बिट विंडोजवाले त्या खेळाबाहेर गेले. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज सेव्हनचा आधार काढला. जीटी ७१० सारख्या एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतल्या कार्डांसाठी गेमचे ड्रायव्हर ४७० मालिकेवर थांबले. त्यापुढचा शोधत बसू नका. उलट क्रिकेट ०७ किंवा जुना मोस्ट वाँटेड सुरूच होत नसेल, तर बहुतेक वेळा डायरेक्टएक्सचे जून २०१० चे जुने भाग टाकले की काम होतं. त्यासाठी सुटी डीएलएल फाइल कुठून तरी उतरवणं आणि क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करणं, दोन्ही कटाक्षाने टाळा. त्याच पीसीवर घरातल्या कुणाचं तरी नेट बँकिंग असतं.

एवढं करूनही दुकान गाठावं लागलं, तर वहीचं पान सोबत न्या आणि हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. एसएमपीएस, रॅम किंवा कार्ड तपासायला तुमची डिस्क लागत नाही. चांगल्या कारागिराकडे चाचणीची स्वतःची डिस्क असते.