बोटातून जाणारा प्रकाश आणि कातडीचा रंग



अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर बोट घट्ट धरा. बोटाच्या कडा लालभडक दिसू लागतील. विजेरीच्या पांढऱ्या प्रकाशातील निळा व हिरवा भाग बहुतेक सर्व बोटातच शोषला गेला आणि लाल भाग तेवढा पलीकडे पोहोचला. या साध्या प्रयोगात एका वैद्यकीय उपकरणाचे तत्त्व दडलेले आहे.

बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे ते उपकरण म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. २०२० साली करोनाची साथ पसरली तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तीत आशा कार्यकर्त्या व स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजत होते. थेंबभरही रक्त न काढता काही सेकंदांत आकडा मिळतो, ही या उपकरणाची थोरवी.

पण हा आकडा सर्व माणसांच्या बाबतीत सारखाच खरा असतो का? उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तसे का, हे समजावून घेण्यास शाळेतील भौतिकशास्त्र व अंकगणित पुरेसे आहे.

दोन दिवे आणि एक गुणोत्तर

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. शंभरातील किती हिमोग्लोबिनने प्राणवायू धरलेला आहे, या प्रमाणास प्राणवायूची संपृक्तता म्हणतात. निरोगी माणसात ती साधारणपणे ९५ ते १०० टक्के असते.

प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि न धरलेले हिमोग्लोबिन यांचा रंग वेगळा असतो. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन अधिक शोषते. ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचे नेमके उलट. तो प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन अधिक शोषते. म्हणून ऑक्सिमीटरमध्ये या दोन तरंगलांब्यांचे दोन दिवे असतात आणि बोटाच्या पलीकडे प्रकाश मोजणारी घटिका असते.

येथे एक अडचण येते. वाटेत कातडी, मांस, हाड, नीलांतील रक्त असे बरेच काही आहे. त्यातून धमन्यांतील रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढावयाचा? जपानमधील निहोन कोहडेन कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांना याची युक्ती सुचली. १९७४ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. नाडीच्या प्रत्येक ठोक्यास धमन्यांत थोडे रक्त अधिक येते आणि तेवढ्यापुरता प्रकाश किंचित अधिक शोषला जातो. बाकीच्या गोष्टी मात्र ठोक्यागणिक बदलत नाहीत. तेव्हा जे बदलते तेवढेच मोजावे!

समजा, घटिकेवर लाल प्रकाश २०० एकके पडत आहे आणि ठोक्याच्या वेळी तो १९८ होतो. हा फरक १ टक्का झाला. असाच शेकडा फरक अवरक्त प्रकाशासाठी काढावयाचा आणि पहिल्यास दुसऱ्याने भागावयाचे. या गुणोत्तरास आपण ‘ग’ म्हणू. रक्तात प्राणवायू कमी झाला की ‘ग’ वाढतो. संपृक्ततेसाठी एक ढोबळ सूत्र वापरले जाते:

संपृक्तता = ११० − (२५ × ग)

‘ग’ ०.६ असेल तर संपृक्तता ९५ टक्के. ‘ग’ १ झाला तर ८५ टक्के.

हे ११० आणि २५ आले कोठून?

हे आकडे कोणत्याही नियमातून निघालेले नाहीत. प्रकाश शोषणाचा जो नियम आपण शिकतो तो काचेच्या पात्रातील स्वच्छ द्रावणास चांगला लागू पडतो. बोटात प्रकाश सरळ जात नाही. तो असंख्य ठिकाणी विखुरतो. म्हणून गणित अर्धवट सोडून प्रयोगाचा आधार घ्यावा लागतो.

तुम्ही प्रयोगशाळेत रबराच्या पट्टीचा तराजू केला असेल. ठाऊक असलेली वजने टांगावयाची आणि प्रत्येक वेळी पट्टी जेथे येईल तेथे खूण करावयाची. ऑक्सिमीटरवर आकडे बसविण्याची रीतही हीच. निरोगी स्वयंसेवकांना हळूहळू कमी प्राणवायूची हवा श्वासावाटे देतात. प्रत्येक पायरीवर त्यांच्या धमनीतील रक्ताचा नमुना काढून त्यातील खरी संपृक्तता तपासतात आणि त्याच क्षणीच्या ‘ग’ शेजारी तो आकडा लिहितात. असे कोष्टक उपकरणाच्या स्मृतीत भरले जाते. तुमच्या बोटाचा ‘ग’ मिळाला की उपकरण त्या कोष्टकात पाहून आकडा सांगते.

म्हणजे काय झाले? तुमच्या बोटावरचा आकडा हा वास्तविक त्या अनोळखी स्वयंसेवकांच्या बोटांवरून केलेला अंदाज आहे. आणि त्या स्वयंसेवकांत गोऱ्या कातडीची माणसेच बहुसंख्येने असत.

रंग भागाकारात उडून जातो का?

कोणी म्हणेल, त्याने काय बिघडते? कातडीला रंग देणारे मेलानिन ठोक्यागणिक कमीजास्त होत नाही. समजा, गडद कातडीने निम्मा प्रकाश अडविला. मघाच्या २०० चे १०० झाले आणि १९८ चे ९९. शेकडा फरक पुन्हा १ टक्काच! रंग भागाकारात उडून गेला.

हा युक्तिवाद सुंदर आहे, परंतु कागदावर उडून जाणारी गोष्ट बोटात पुरती उडून जात नाही. याचे एक कारण दिव्यातच आहे. उपकरणातील एल.ई.डी. नेमक्या ६६० नॅनोमीटरचा प्रकाश देत नाही. त्याच्या आसपासचा एक पट्टाच देतो. मेलानिन कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषते. त्यामुळे गडद कातडीतून पार झालेल्या लाल प्रकाशाचा मध्य किंचित अधिक तरंगलांबीकडे सरकतो. तेथे प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनचे शोषण कमी असते. मग लाल प्रकाशातील शेकडा फरक कमी भरतो, ‘ग’ लहान येतो आणि सूत्रातून संपृक्तता वाजवीपेक्षा जास्त निघते. दुसरे असे की, घटिकेपर्यंत मुळातच थोडा प्रकाश पोहोचत असेल तर त्यातील सूक्ष्म चढउतार अचूक टिपणे कठीण होते.

चूक कोणत्या दिशेने होते ते नीट ध्यानात घ्या. आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणजे रुग्णास प्राणवायूची गरज असताना उपकरण ‘सर्व ठीक आहे’ असे सांगते.

रुग्णालयातील पुरावा

ही शंका जुनी आहे. १९९० साली अमेरिकेत जुबरान व टोबिन या डॉक्टरांनी कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण तपासले. गोऱ्या रुग्णांत ऑक्सिमीटरवर ९२ टक्के दिसणे पुरेसे सुरक्षित होते. कृष्णवर्णीय रुग्णांत मात्र तेवढ्याच भरवशासाठी ९५ टक्के दिसावे लागत होते. २००५ साली सॅन फ्रान्सिस्को येथील बिकलर व सहकाऱ्यांनी दाखविले की, गडद कातडीच्या व्यक्तींत संपृक्तता जितकी खाली जाते तितकी ही चूक वाढते. तरीही उपकरणे वापरात राहिली आणि चर्चा मागे पडली.

पुढे साथीच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, मिशिगन विद्यापीठातील शॉडिंग व सहकाऱ्यांनी ऑक्सिमीटरचा आकडा आणि त्याच सुमारास काढलेल्या धमनीतील रक्ताची तपासणी यांच्या हजारो जोड्या ताडून पाहिल्या. उपकरण ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना खरी संपृक्तता ८८ च्या खाली होती, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मापनांत आढळले. कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मापनांत. अठ्ठावीसात एक आणि साधारण नवात एक, असा हा फरक आहे.

प्राणवायू लावावा का, रुग्णास दाखल करावे का, अमुक औषध द्यावे का, हे निर्णय साथीत याच आकड्यावर ठरत होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका संशोधनात असे दिसले की, या चुकीमुळे कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्ण उपचारास पात्र आहेत हे उशिरा लक्षात येत होते. डॉक्टरच्या मनात भेदभाव नसेल, परिचारिकेच्या मनातही नसेल. तो कोष्टकात बसलेला होता.

वंश आणि रंग एक नव्हेत

येथे एक काळजी घ्यावयास हवी. मिशिगनच्या अभ्यासात रुग्णांची नोंद वंशानुसार होती. कातडीचा रंग उपकरणाने मोजलेला नव्हता. एकाच वंशाच्या म्हणविणाऱ्या माणसांत रंगाच्या कितीतरी छटा असतात. आपल्या वर्गातच पाहा ना! प्रकाशकिरणास वंश कळत नाही, जात कळत नाही; वाटेतले मेलानिन तेवढे कळते. म्हणून हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. गडद कातडीच्या भारतीयालाही तो तितकाच लागू आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा चाचणीसाठी किमान दहा व्यक्ती पुरत होत्या. त्यांत गडद कातडीच्या किमान दोन, किंवा एकूण व्यक्तींच्या १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढ्या असाव्यात, असे म्हटले होते. दहांपैकी दोन! जानेवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेने नवा मसुदा जाहीर केला. त्यात १५० किंवा अधिक व्यक्ती घ्याव्यात आणि त्यांच्या कातडीचा रंग नीट मोजून नोंदवावा, असे सुचविले आहे.

‘कोणावर मोजले?’ हा प्रश्न औषधांनाही विचारावा लागतो. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची मात्रा अमेरिकेत कित्येक वर्षे स्त्री-पुरुषांस एकच होती. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश निघून जाते व सकाळीही अंमल राहतो, हे पाहून २०१३ साली स्त्रियांसाठी ती निम्मी करण्यात आली.

मग ऑक्सिमीटर फेकून द्यावयाचा का? मुळीच नाही. त्याने असंख्य जीव वाचविले आहेत. मात्र एकाच आकड्यावर विसंबू नये. काही तासांत आकडा घसरत आहे का ते पाहावे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांकडे जावे. शंका असेल तेथे धमनीतील रक्ताची तपासणीच अखेरचा निवाडा देते.

विचार करा

१. एका व्यक्तीचा खरा ‘ग’ ०.९ आहे, पण उपकरणास तो ०.७ मिळाला. खरी संपृक्तता किती आणि दिसलेली किती?

२. रबराच्या पट्टीच्या तराजूवर १०० ग्रॅमपर्यंतच खुणा केल्या आहेत. त्याच अंतराने पुढे खुणा वाढवून ५०० ग्रॅम वजन मोजले, तर ते बरोबर येईल का? करून पाहा.

३. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कोणतेही एक मोजमापाचे साधन घ्या. त्यावरील आकडे कशाच्या आधारे बसविले असतील, ते शिक्षकांना विचारा.