उजेड मिनिटभर, खाडा दिवसभर

आपण लॅबमध्ये रीडिंग घेतो, ग्राफ काढतो, जर्नल सबमिट करतो आणि विसरून जातो. पण माझ्या मामाचं दुखणं समजून घेताना अकरावी-बारावीचं फिजिक्स मला पुन्हा उघडावं लागलं.

मामा तलासरीचा, डहाणूच्या एका चिकूवाडीत रोजावर कामाला. काही वर्षांपूर्वी त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले, वर चंदेरी खपल्या. बरोबरच्यांनी त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा केला. भर मे महिन्यात मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडायचा. खरं सांगतो, मीसुद्धा त्याचा टॉवेल घ्यायचं टाळलं होतं. डॉक्टरांनी निदान केलं, सोरायसिस.

हा रोग संसर्गजन्य अजिबात नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्वचेवर उलटते. एरवी सुमारे महिनाभरात नवी होणारी त्वचा मग चार-पाच दिवसांतच वर ढकलली जाते. त्याच त्या खपल्या.

यावर एक उपचार म्हणजे प्रकाश. १९८१ साली पॅरिश आणि येनिके यांनी कोणती तरंगलांबी उपयोगी पडते हे तपासलं. २९६ नॅनोमीटरच्या खालचे किरण त्वचा भाजतात, पण चट्टे घालवत नाहीत. गुण येतो तो त्याच्या वर, साधारण ३१३ पर्यंत. म्हणून आजचे नॅरोबँड यूव्हीबी दिवे ३११ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात.

मामाने विचारलं, "डहाणूत उन्हाची काय कमी?" प्रश्न रास्त आहे. पण उन्हातलं यूव्हीबी तासागणिक, ढगागणिक बदलतं. डोस मोजता येत नाही आणि भाजलं तर तिथेच नवा चट्टा उठू शकतो. दिव्याचं मात्र सरळ गणित आहे : डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. भारतीय त्वचेला पहिला डोस बहुधा २८० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर देतात. दिव्याची तीव्रता ५ मिलिवॅट धरली, तर वेळ फक्त ५६ सेकंद! पुढे सोसेल तसा डोस वाढवतात.

पण हा उजेड आठवड्यातून तीनदा, दोन-तीन महिने घ्यावा लागतो. मामाला मुंबईतल्या एका रुग्णालयात जायला सांगितलं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते खरी, पण तलासरीहून आधी स्टेशन गाठायचं, मग चर्चगेटपर्यंतचे सुमारे १२४ किलोमीटर. तीस फेऱ्या म्हणजे नुसत्या रेल्वेनेच साडेसात हजार किलोमीटर! शिवाय तीस खाडे. नवव्या फेरीनंतर मामा म्हणाला, "उजेड मिनिटभर, खाडा दिवसभर. नको बाबा." चट्टे फिके पडू लागले होते, तरी त्याने सोडलं.

रोगामुळे जगणं किती अवघड झालं हे मोजायला १९९४ पासून डीएलक्यूआय नावाची दहा प्रश्नांची पट्टी वापरतात. खाज, लाज, कपडे, काम, मित्र असं सगळं त्यात येतं. प्रत्येकी जास्तीत जास्त ३ गुण, एकूण ३०. जितके जास्त तितका त्रास मोठा. त्यातला दहावा प्रश्न असा की, उपचारानेच तुमचा किती वेळ खाल्ला, किती अडचण केली? मामाला मी तो विचारला. त्याने नुसतं हसून दाखवलं.

याला उत्तर आहे. अमेरिकेत ७८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना घरी वापरायचा दिवा दिला, काहींना दवाखान्यात बोलावलं. घरी घेणाऱ्यांचा गुण जराही कमी नव्हता. ठरलेला उपचार नियमित घेणारे घरच्या गटात ५१ टक्के होते, दवाखान्याच्या गटात जेमतेम १६. म्हणजे मामा आळशी नव्हता; अंतर जास्त होतं.

अर्थात असा दिवा त्वचारोगतज्ज्ञाच्या सांगण्यावरूनच वापरायचा, डोळ्यांवर गॉगल लावून. दिवा जुना होतो तशी त्याची तीव्रता घटते, म्हणून ती मधून मधून मोजावीही लागते. मोजणं, टायमर बसवणं, वीज गेली तर डोसची नोंद राखणं, ही कामं कोणाची? आपलीच की! फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी जरूर विचार करावा. तालुक्याच्या गावी असा एक दिवा आला, तरी कितीतरी खाडे वाचतील.

आणि आपल्या हॉस्टेलमध्ये कोणी उन्हाळ्यातही बाह्या खाली ओढून बसत असेल, तर त्याच्या ताटात बिनधास्त जेवा. त्याला ना डॉक्टर लागतो, ना दिवा. मी मामाचा टॉवेल आता वापरतो.